तासाचं नको, क्रमाचं बघ

अगं, तान्हं बाळ आणि मोठी मुलगी अशा दोघांना सांभाळताना तासातासाचं वेळापत्रक आखूच नकोस. माझं तिसऱ्या दिवशी फाटलं, तेही धाकट्याने चावून. तान्हं बाळ 24 तासांत 8 ते 12 वेळा दूध पितं. वर मोठीची शी, रुसवे, पडणं-झडणं. घड्याळ कुठून पाळणार? त्यापेक्षा क्रम पाळ. अंघोळ, दूध, अंगाई, झोप. वेळ पुढेमागे झाली तरी चालतं, पुढे काय येणार हे मुलांना कळतं.

दाराशी एक पिशवी कायम भरलेली ठेव. डायपर, मुलांचे कपडे आणि हो, तुझ्यासाठीही एक टॉप. नेमकं निघताना बाळ खांद्यावर दूध काढतं आणि मोठीचा एकच बूट सापडतो. (आमचा दुसरा एकदा बादलीत निघाला.) बाळ झोपलं की भांडी राहू देत, आधी आडवी हो.