केबल उचलायची तर उचला, पण आवाजासाठी नको

स्पीकरची केबल छोट्या स्टँडवर उचलून ठेवली तर आवाज सुधारतो का, असं तुम्ही विचारलंय. थोडक्यात उत्तर हवं असेल तर नाही. स्पीकर केबल फरशीवरून चार इंच वर उचलल्यानं आवाज सुधारत नाही. पण तुम्ही लिहिलंय की दुकानदार केबलखाली ठेवायच्या चिनीमातीच्या स्टँडचा सेट गळ्यात मारायला बघतोय, आणि मित्राकडे स्टँड लावल्यावर 'बेस टाइट झाला' हे तुम्ही स्वतःच्या कानानं ऐकलंय, त्यामुळे नुसतं नाही म्हणून विषय सोडला तर तुमचं समाधान होणार नाही.

हे खूळ बहुधा आलंय परदेशातल्या जाड सिंथेटिक कार्पेटवाल्या घरांतून. थंडीत हीटरनं हवा कोरडी ठणठणीत होते, कार्पेटवर चालून दाराच्या हँडलला हात लावला की चटका बसतो, मग कुणीतरी म्हणालं की हाच स्टॅटिक चार्ज केबलमधल्या सिग्नलला त्रास देतो. आता तुमच्याकडे विट्रिफाइड टाइल्स, त्यात मुंबईची हवा, जुलैत तर पापड दोन मिनिटांत सादळतो, तिथं स्टॅटिक येणार कुठून? आणि समजा पुण्याच्या डिसेंबरात नायलॉनच्या गालिच्यावर आला थोडाफार, तरी स्पीकर केबलच्या एका टोकाला ॲम्पचं (ॲम्प्लिफायरचं) आउटपुट असतं ज्याचा इम्पीडन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, ०.१ ओहमच्याही खाली असू शकतो आणि दुसऱ्या टोकाला ८ ओहमचा स्पीकर, म्हणजे त्या तारेवर काय व्होल्टेज असायचं हे ॲम्प ठरवतो, गालिचा नाही.

दुसरा मुद्दा कॅपॅसिटन्सचा, म्हणजे तारेची थोडा चार्ज साठवून ठेवायची क्षमता, जी जास्त झाली तर ट्रेबल कापला जाऊ शकतो. फरशीला चिकटलेल्या केबलची कॅपॅसिटन्स किंचित वाढते हे खरंय, त्यात खोटं काही नाही. पण तुमच्या ४ मीटरला ती किती वाढणार, काही पिकोफॅरड. आपण दिलदारपणे सरळ १००० पिकोफॅरड धरू, समोर ०.१ ओहम धरा, तरी कागदावर सिग्नल कापणारा फिल्टर सुरू होतो दीड गिगाहर्ट्झच्या, म्हणजे दीडशे कोटी हर्ट्झच्या पुढे. आपले कान चांगले असले तर ऐकतात २० किलोहर्ट्झपर्यंत, म्हणजे वीस हजार, चाळिशीनंतर तेही नाही. स्लॅबमधल्या लोखंडी सळ्या सिग्नल बिघडवतात असंही एक जण सांगत असतो, तर केबलच्या दोन तारा शेजारी शेजारी असतात, एकीतून करंट जातो तेवढाच दुसरीतून परत येतो, त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना बरीचशी मारतात, सळीपर्यंत पोचायला फारसं काही उरतच नाही.

राहता राहिलं व्हायब्रेशन. केबल हलली की त्यात बारीक व्होल्टेज तयार होतं हे पण खरं आहे, इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्याला विचारा, केबल आपटली की ॲम्पमधून धप्प ऐकू येतं. पण ते हाय इम्पीडन्स सर्किटमध्ये. स्पीकर केबलच्या दोन्ही बाजूला इतका लो इम्पीडन्स आहे की तिथं ते जिरून जातं. आणि गंमत म्हणजे जमिनीवर सरळ पडलेल्या केबलपेक्षा दोन स्टँडमध्ये झोका घेणारी केबल जास्त हलेल, पण हे दुकानदाराला विचारू नका, नवीन डॅम्पर विकेल.

मग मित्राकडे ऐकू आलं ते काय? तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. पण स्टँड लावताना बहुतेक वेळा काय होतं बघा, केबल नीट ओढून घ्यायला आपण प्लग काढतो, परत घट्ट लावतो, कॉन्टॅक्ट घासला जातो. स्पीकर इंचभर सरकतो. मग सोफ्यावर येऊन बसतो ते आधीच्याच जागी नाही, आणि ३ किलोहर्ट्झची वेव्हलेंग्थ ११ सेंटीमीटर फक्त, डोकं वीतभर इकडचं तिकडे झालं तरी ऐकू येणारं बदलतं. व्हॉल्यूम एक टिचकी जास्त राहिला तर विचारायलाच नको, जरा मोठं वाजलं की 'डिटेल वाढलं' असंच वाटतं सगळ्यांना.

खात्री करायचीय ना, पैसे खर्च न करता करा. लाकडी ठोकळे, प्लास्टिकचे डबे, काहीही घ्या. तुम्ही डोळ्यावर रुमाल बांधून ठरलेल्या खुर्चीत बसा, व्हॉल्यूमला हात लावू नका, घरातलं कुणीतरी दर वेळी नाणं उडवून छाप आला तर केबल वर ठेवेल, काटा आला तर खाली, आणि कागदावर लिहून ठेवेल, तुम्हाला सांगणार नाही. हालचालीचा आवाज सारखाच यायला हवा म्हणून खालीच ठेवायची असली तरी एकदा उचलून ठेवायची. असं १० वेळा. नुसत्या अंदाजानं ९ किंवा १० बरोबर यायची शक्यता १ टक्क्याच्या आसपास असते, तेव्हा ९ आले तर इथं येऊन माझी हजेरी घ्या.

केबलनं काहीच फरक पडत नाही असं मात्र मी म्हणत नाहीये. ४ मीटर लांब दीड स्क्वेअर एमएम तांब्याच्या वायरचा जाऊन-येऊन रेझिस्टन्स साधारण ०.०९ ओहम, ८ ओहमच्या स्पीकरपुढे काहीच नाही. पण काही जण बेलची अर्धा स्क्वेअरची वायर लावतात, तिथं तो पाव ओहमच्या वर जातो आणि जो स्पीकर मध्येच ४ ओहमपर्यंत उतरतो त्याला ते जाणवू शकतं. टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) असेल तर त्याच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला, म्हणजे सुई बसवलेल्या पिकअपला, ४७ किलोओहमच्या लोडवर केबलच्या कॅपॅसिटन्सनं ट्रेबल खरोखर बदलतो, आणि तिथला सिग्नल जेमतेम ५ मिलिव्होल्ट, म्हणून ती केबल पॉवर कॉर्ड आणि अडॅप्टरपासून लांबच ठेवायची, नाहीतर ५० हर्ट्झचा घूंऽऽ पाठ सोडत नाही. म्हणजे काळजी घ्यायची तर तिथं घ्या.

आणि एक काम आजच करा. ॲम्पमागची वायरची उघडी टोकं काढून बघा. समुद्राजवळच्या घरात दोनतीन पावसाळे झाले की पारदर्शक पीव्हीसीच्या आत तांबं हिरवट दिसायला लागतं, टोक काळपट पडलेलं असतं, चारदोन केस (आतल्या बारीक तारा) तुटून बाहेर आलेले असतात. इंच-दीड इंच कापा, आतलं लाल चकचकीत तांबं दिसेपर्यंत, नवीन साल काढा, केस नीट पिळा, एकही केस शेजारच्या टर्मिनलला शिवत नाही ना बघा, आणि स्क्रू घट्ट. खर्च शून्य.

बाकी केबल उचलायची चांगली कारणं भरपूर आहेत. फरशी पुसताना पाणी लागतं, मावशींचा मॉप अडकून स्पीकर स्टँडसकट खाली येऊ शकतो, उंदरांना वायर कुरतडायला आवडतेच. त्याला स्कर्टिंगवर साध्या प्लास्टिकच्या क्लिपा ठोका, हार्डवेअरच्या दुकानात पाकीट मिळतं, झालं.

त्या सेटचे पैसे वाचवून मी काय करीन विचाराल तर खोलीतला आवाज मोजायचा एक मेजरमेंट माइक घेईन, मोजमाप करायचं आरईडब्ल्यू सॉफ्टवेअर फुकट आहे. तुमच्या १० बाय १२ च्या खोलीत ४७ आणि ५६ हर्ट्झला रूम मोड, म्हणजे भिंतींमध्ये घुमणारे सूर, बसलेत, कोपऱ्यात बेस गुरगुरतो तो त्यांच्यामुळे. स्पीकर मागच्या भिंतीपासून २ फुटांवर असेल तर १४० हर्ट्झच्या आसपास आवाजात खड्डा पडतो, सहा इंच पुढेमागे केला की तो खड्डा सरकतो, आणि हे डोळे बांधूनही ऐकू येतं. स्पीकर मागच्या आणि बाजूच्या भिंतीपासून किती लांब आहेत आणि सोफा मागच्या भिंतीला टेकलाय का एवढं टाका, त्यावरून कुठं सरकवायचे ते सांगतो.