आठवड्याला एकच फोटो, पण ठरलेल्या वारी

खानापूर, गोकाक, चिकोडी, निपाणी आणि बेळगाव शहरातून आलेल्या पत्रांतले बहुतेक प्रश्न एकाच धाग्यातले आहेत. फोटो काढणं जमतं, पण ते नेमाने चार लोकांपुढे ठेवताना गाडी अडते. निवडक पत्रांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : पाडव्यापासून रोज एक फोटो टाकायचा नेम धरला होता. पंचवीस-तीस दिवस चालला, मग काय टाकावं तेच कळेना. आता ग्रुपवर तोंड दाखवायला लाज वाटते. नेम परत धरू की सोडून देऊ, सांगा की. (एक वाचक, खानापूर)

उत्तर : रोजचा नेम सोडा, आठवड्याचा धरा. नोकरी किंवा शेती सांभाळणाऱ्याला फोटो रोज लागतो, पण कॅमेरा घेऊन बाहेर पडणं होतं रविवारीच. रविवारचा चांगला माल बुधवारपर्यंत संपतो, मग गुरुवारी चहाचा कप आणि शुक्रवारी मांजर. पाहणाऱ्यांना हे लगेच कळतं. आठवड्याला एक म्हटलं तरी वर्षाला 52 होतात, आणि वर्षात 52 बरे फोटो काढणारे हौशी फार थोडे.

पहिला फोटो टाकण्याआधी आठ फोटो तयार ठेवा. तयार म्हणजे निवडलेले, सुधारलेले आणि खालची ओळसुद्धा लिहून झालेले. हा दोन महिन्यांचा साठा. पावसाची झड, लग्नसराई, सुगी यांत कॅमेऱ्याला हात लागत नाही, तेव्हा तो कामी येतो. साठा चारवर आला की नवे फोटो तयार करायला घ्या.

खरं घोडं पेंड खातं ते निवडीत. समजा, रविवारी राजहंसगडावर 200 फोटो काढले. त्या रात्री फक्त नक्कल करा, एक संगणकावर आणि दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर. दोन्ही नकला उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसू नका. निवड मात्र त्या रात्री करूच नका. पहाटे उठून गड चढल्याचा शीण अंगात असतो, त्यामुळे कष्टाने मिळालेला फोटो चांगलाही वाटायला लागतो. तीन दिवस जाऊ द्या. मग पहिल्या फेरीत फक्त टाकायचे: हललेले, डोळे मिटलेले, डोकं कापलेले. एका फोटोला एक-दोन सेकंद पुरे. दुसऱ्या फेरीत एका दृश्याचा एकच ठेवायचा. इथे जीव तुटतो, पण एकाच बुरुजाचे पाच फोटो टाकले तर पाहणारा एकही नीट पाहत नाही. तिसऱ्या फेरीत उरलेले फोटो पडद्यावर अंगठ्याच्या नखाएवढे करून बघा. तेवढ्या आकारात काय आहे ते कळलं नाही, तर मोबाइलवर बोटाने पुढे सरकवणारा माणूस थांबणार नाही. 200 मधून तीन-चार उरले तर रविवार कारणी लागला समजा.

विषय संपला असं वाटत असेल तर नवी ठिकाणं शोधत हिंडू नका, एकच जागा वर्षभर धरा. तुमच्या तालुक्यात भाताचं शिवार आहे. धूळवाफ पेरणी, चिखल, रोप लावण, पोटरीतलं पीक, पिवळं पडलेलं शिवार, कापणी, मळणी आणि मग रिकामी खाचरं. एका बांधावरून हे सगळं टिपलं तर मालिका आपोआप तयार होते. त्यासाठी उभं राहायची खूण पक्की हवी. विजेचा खांब किंवा मैलाचा दगड चालेल, पण बांधावरचं झुडूप नको, ते वाढतं किंवा तोडलं जातं. कॅमेरा दर वेळी छातीच्या उंचीवर धरा, झूम एकच ठेवा. मोबाइल असेल तर 1 एक्सच वापरा, कारण चिमटीने केलेला झूम दोनदा सारखा येत नाही. पडद्यावरची जाळी सुरू करून क्षितिज वरच्या रेघेवर बसवा. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल ठरवणारी सेटिंग) ‘डेलाइट’वर कायम ठेवा. तो ऑटोवर राहिला तर कॅमेरा दर वेळी हिरवा रंग आपल्या मनाने बदलतो, आणि पीक पिकत आल्याचा रंगबदल, ज्यासाठी हा खटाटोप आहे, तोच हरवतो.

प्रश्न : बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचे फोटो टाकतो. दरवर्षी काही फोटोंत आडवे काळे पट्टे येतात आणि पात्रांचे चेहरे पांढरेफटक होतात. कॅमेरा बिघडलाय का? (एक वाचक, शहापूर, बेळगाव)

उत्तर : कॅमेरा ठीक आहे. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे तिच्यावरचे बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतात. डोळ्यांना ते जाणवत नाही. पण मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक शटरचे बहुतेक कॅमेरे चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतात. शटर 1/500, म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग, ठेवलं तर काही ओळी दिवा उजळ असताना वाचल्या जातात, काही मंद असताना. तेच पट्टे. शटर 1/100 किंवा 1/50 ठेवा, म्हणजे प्रत्येक ओळीला झगमगीचा पूर्ण फेरा मिळतो. कॅमेऱ्यात मेकॅनिकल शटर असेल तर तेच निवडा. रंग बदलणाऱ्या काही एलईडी दिव्यांची झगमग याहून वेगळ्या गतीची असते. तिथे पट्टे राहिले तर 1/80, 1/60 करत खाली या.

1/100 ला चालता चित्ररथ हलतो. म्हणून त्याच्यामागे धावू नका. चौकात पुढे जाऊन थांबा, रथ थांबला आणि सजीव देखाव्यातली पात्रं आपल्या ठेवणीत स्थिर झाली की मग काढा. 50 मिमीची एफ 1.8 लेन्स असेल तर एफ 2.8 (लेन्सचं छिद्र किती उघडं ते), आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 1600 ते 3200 इथून सुरुवात करा. चेहरे पांढरे पडतात कारण मागचा काळोख बघून कॅमेरा सगळंच उजळ करतो. एक्स्पोजर (उजळपणा) उणे 1 करा. मोबाइलवर उजळ चेहऱ्यावर बोट दाबून धरा, कुलूप लागलं की सूर्याचं चिन्ह खाली ओढा. नाइट मोड बंद. तो अनेक फोटो जोडून एक करतो, त्यात हलणाऱ्या माणसाला दोन हात जास्त येतात. फ्लॅशही नको. देखावा करणाऱ्यांनी प्रकाशावर घेतलेली मेहनत त्यात धुऊन निघते आणि धूर तेवढा पांढरा दिसतो.

प्रश्न : संगणकावर लख्ख दिसणारा फोटो टाकल्यावर मळकट आणि भुरकट होतो. (एक वाचक, निपाणी)

उत्तर : मळकटपणा आणि भुरकटपणा ही दोन वेगळी दुखणी आहेत. रंग मळतात ते बहुधा फाइल अ‍ॅडोबी आरजीबी या रंगपद्धतीत जतन केल्यामुळे. बाहेर देताना एसआरजीबी ही पडद्यांची नेहमीची रंगपद्धती निवडा.

भुरकटपणा येतो आकारामुळे. 6000 पिक्सेल रुंदीची फाइल चढवली की समोरची यंत्रणा ती आपल्या हिशेबाने लहान करते आणि दाबते. ते काम तुम्हीच आधी करा. इन्स्टाग्रामसाठी रुंदी 1080 पिक्सेल, उभ्या फोटोला 1080 बाय 1350. जेपेगचा दर्जा 80 ते 85. धार (शार्पनिंग) द्यायची ती आकार लहान केल्यानंतर. आधी दिलेली धार लहान होताना निघून जाते. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो बराच लहान होतो. 2023 पासून तिथे एचडीचं बटण आहे, ते दाबा. मूळ फाइल जशीच्या तशी द्यायची असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

प्रश्न : ग्रुपवर काहीही टाकलं तरी अंगठे आणि ‘मस्त!’ येतात. चूक कुणीच सांगत नाही. (एक वाचक, चिकोडी)

उत्तर : ‘कसा वाटला?’ विचारलं तर ‘मस्त’च मिळणार, आपल्या माणसाला वाईट कोण म्हणेल? एकाच दृश्याचे दोन फोटो क्रमांक घालून ठेवा आणि नेमका प्रश्न विचारा. यडूरच्या घाटावर नदीचा फोटो असेल तर ‘1 मध्ये नाव मधोमध आहे, 2 मध्ये उजव्या कडेला. नजर आधी कुठे गेली?’ असं विचारा. याला उत्तर देण्यात कुणाचा अपमान होत नाही. दुसऱ्याच्या फोटोवर तुम्हीही याच रीतीने बोलायला लागा, चार-सहा आठवड्यांत ग्रुपची सवय बदलायला लागते.

प्रश्न : गोकाकच्या धबधब्याचा रेशमासारखा पांढरा फोटो काही केल्या येत नाही. शिवाय पावसाळ्यानंतर लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय. (एक वाचक, गोकाक)

उत्तर : घटप्रभा तिथे सुमारे 52 मीटर उडी घेते, आणि भर पावसात ती उडी लाल मातीच्या पाण्याची असते. लांब शटरने ते पाणी रेशीम न दिसता गाळाचा ओघळ दिसतं. जुलै-ऑगस्टमध्ये 1/500 ठेवा, पाण्याचे लोट आणि जोर पकडा. रेशमाची हौस पाऊस ओसरल्यावर, पाणी निवळून धारा सुट्या झाल्या की गोडचिनमलकीच्या धबधब्यावर भागवा. तिथे ट्रायपॉड, आयएसओ 100, अर्धा ते एक सेकंद. उजेड जास्त असेल तर सहा स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड सहा वेळा निम्मा करणारी गडद काच) 1/60 चं शटर एका सेकंदावर आणतो. गोकाकच्या झुलत्या पुलावर मात्र ट्रायपॉड लावण्यात अर्थ नाही, चालणाऱ्यांच्या पावलांनी पूलच हलतो.

जाळी म्हणजे बुरशी. ती लेन्स इतरांपासून आजच वेगळी ठेवा आणि दुरुस्ती करणाऱ्याला दाखवा. लवकर साफ केली तर काच वाचते, उशीर झाला तर काचेवरचा लेप खाल्ला जातो. पुढच्या पावसाळ्यासाठी घट्ट झाकणाचा 10-15 लिटरचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात 200 ते 250 ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक, एवढं पुरतं. काटा 40 ते 50 टक्क्यांत राहू द्या. फार कोरडंही नको, रबर आणि वंगण सुकतं. निळे दाणे गुलाबी झाले की जुन्या कढईत मंद आचेवर निळे होईपर्यंत परता. निळ्या रंगात कोबाल्टचं संयुग असतं, म्हणून ती कढई परत स्वयंपाकाला वापरू नका. कॅमेरा बॅगेत ठेवण्याची सवय मोडा, आतला स्पंज ओल धरतो. तांदळाच्या डब्यात कॅमेरा पुरायचा उपायही नको, पिठाची धूळ आत जाते. बेळगावचा बासमती भातासाठीच राहू दे.

प्रश्न : मी टाकलेला जत्रेचा फोटो एकाने न विचारता फ्लेक्सवर छापला, खाली नाव त्याचं. हक्क सांगता येतो का? (एक वाचिका, हुक्केरी)

उत्तर : येतो. कॉपीराइट कायदा 1957 प्रमाणे फोटोचा कर्ता तो काढणारा असतो आणि हक्कासाठी नोंदणीची सक्ती नाही. फोटोचा हक्क काढणाऱ्याच्या हयातभर आणि त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून 60 वर्षं चालतो. एक अपवाद लक्षात ठेवा: कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो काढून घेणारा. तुमचं तसं नाही. फ्लेक्सचा फोटो घ्या, त्यात ठिकाण ओळखता आलं पाहिजे. मूळ पूर्ण आकाराची फाइल आणि त्याच प्रसंगाचे आधीचे-नंतरचे फोटो जपून ठेवा, तुमच्या मालकीचा सगळ्यात भक्कम पुरावा तोच. आधी लेखी पत्र द्या: नाव लावा किंवा फ्लेक्स काढा, आणि मोबदला हवा असेल तर रक्कम स्पष्ट लिहा. बरीच प्रकरणं इथेच मिटतात. न मिटल्यास वकिलाची नोटीस. यापुढे लोकांत टाकायची फाइल 1080 पिक्सेलचीच द्या, तेवढ्यावर मोठा फ्लेक्स फुटतो.

प्रश्न : भीमगड अभयारण्याच्या भागात काढलेल्या फोटोंवर ठिकाण लिहावं का? (एक वाचक, जांबोटी)

उत्तर : ‘खानापूर तालुका’ एवढंच लिहा. घरट्याचं झाड, गुहेची वाट अजिबात नको. तिथल्या बारापेडे गुहांतली रॉटन्स फ्री-टेल्ड वटवाघळं जगात मोजक्याच ठिकाणी आढळतात, तिथे गर्दी आणि फ्लॅश नेणं म्हणजे त्यांना हुसकावणं. शिवाय वर सांगितलेल्या डॉक्युमेंटच्या वाटेने पाठवलेल्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश तसेच राहतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करूनच जंगलात शिरा.

प्रश्न : फोटोखाली मराठीत लिहावं की कन्नडमध्ये? (एक वाचक, संकेश्वर)

उत्तर : ओळ मराठीत लिहा, गावाचं नाव दोन्ही लिपींत. मोबाइलच्या कीबोर्डमध्ये कन्नड जोडायला मिनिटभर लागतं. 1 नोव्हेंबर 2014 पासून कागदोपत्री नाव बेळगावी आहे, पण शोधणारे बेळगावही लिहितात आणि बेळगावीही, तेव्हा खालच्या शब्दखुणांत दोन्ही ठेवा. आणि गावाबरोबर महिना लिहायला विसरू नका. शिवार कुठलं ते कळलं तरी रोप लावणीचं की कापणीआधीचं, हे नखाएवढ्या फोटोत कळत नाही.