दंडावरचा सेन्सर आणि रात्री अडीचचा अलार्म

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. पंचवीस वर्षांचा मधुमेह, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. गेल्या महिन्यात भावाने त्यांच्या दंडाला साखर मोजणारा सेन्सर लावून घेतला आणि घरातली झोपच गेली. रात्री अडीचला अलार्म वाजतो, मोबाइलवर ५४ दिसतं, भाऊ पुण्याहून फोन करतो, आई बाबांना उठवून साखरपाणी पाजते. बाबा म्हणतात, मला काही होत नाहीये. सकाळी साखर अडीचशेच्या वर गेलेली असते. एकदा त्याच वेळी बोट टोचून पाहिलं तर ११२ आली. खरं कोणाचं मानायचं? सेन्सर काढून टाकू का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : काढू नका. आधी मला सांगा, बाबा कोणत्या कुशीवर झोपतात? सेन्सर असलेल्या दंडावरच भार देऊन झोपत असतील, तर तुमच्या कोड्याचं बरंचसं उत्तर तिथे आहे.

हा सेन्सर रक्तातली साखर मोजतच नाही. लावताना सुई आत जाऊन लगेच बाहेर येते. कातडीखाली उरतो तो जेमतेम पाच मिलिमीटरचा लवचिक तंतू. त्याच्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं. पेशींच्या मधे जो द्राव असतो, त्यातल्या साखरेशी त्याची क्रिया होते, अगदी क्षीण विद्युतप्रवाह तयार होतो आणि त्यावरून आकडा काढतात. एन्झाइमने साखर मोजायची ही कल्पना अमेरिकी शास्त्रज्ञ लेलँड क्लार्क यांनी १९६२ मध्ये मांडली. दंड अंगाखाली दाबला गेला की तिथला रक्तपुरवठा मंदावतो आणि तेवढ्या जागेपुरती साखर कमी दिसते. कूस बदलली की आकडा परत वर येतो. मोबाइलमधला रात्रीचा आलेख उघडून पाहा. रेघ एकदम कड्यावरून पडल्यासारखी खाली जाऊन तशीच वर आली असेल, तर तो बहुधा दाबाचा परिणाम. खरी लो, म्हणजे साखर खरंच उतरणं, सहसा उतार धरून येते.

दुसरी गोष्ट तुम्हाला शेतावरून सांगते. पाटाला पाणी सुटलं तरी ते शेवटच्या सरीपर्यंत पोचायला वेळ लागतो. रक्त हा पाट, पेशींमधला द्राव ही सरी. साखर भराभर बदलत असेल तेव्हा सेन्सर पाच-दहा मिनिटं मागे असतो. आई साखरपाणी देते, रक्तातली साखर चढते, मोबाइलवर मात्र अजून ५८ दिसतं. म्हणून आणखी एक ग्लास, वर दोन बिस्किटं. सकाळच्या अडीचशेचा मोठा भाग इथून येत असावा.

म्हणून यापुढे असं करा. अलार्म वाजला की बाबांना कुशीवरून वळवा, त्यांचं बोट धुऊन कोरडं करा आणि टोचून पाहा. धुवायला विसरू नका. द्राक्षाच्या हंगामात बोटाला रस लागलेला असतो आणि ग्लुकोमीटर खोटा वरचा आकडा दाखवतो, अशा वेळी खरी लो लपून जाते. बोटाची साखर ७० च्या खाली आली तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा बोटच तपासा. घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ दिसला, किंवा टोचायची सोय नसली, तर मोजत बसू नका, आधी साखर द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना.

आता काढू नका का म्हणाले, ते सांगते. बाबा 'मला काही होत नाही' म्हणतात, यावर मी पूर्ण विसंबणार नाही. वर्षानुवर्षांच्या मधुमेहात साखर उतरल्याची खूण शरीर द्यायचंच बंद करू शकतं. माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक येत. उपाशीपोटी ११८, तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीएवनसी ६.८. मी त्यांचं कौतुक करून घरी पाठवायची. पहाटे त्यांचा सदरा ओलाचिंब असतो, हे त्यांच्या पत्नीने दोनदा सांगितलं, आणि मी ते उन्हाळ्यावर ढकललं. शेवटी सेन्सर लावला. रात्री दोन ते चार साखर ५२ ते ६०, तीही आठवड्यातून चार रात्री. सरासरी चांगली दिसत होती, कारण दुपारचे चढ आणि रात्रीचे खड्डे एकमेकांना झाकत होते. रात्रीचं इन्सुलिन कमी केलं तेव्हा सदरा कोरडा राहिला. त्या बाईंचं मी पहिल्यांदाच ऐकायला हवं होतं, हे मला अजून सलतं.

तुमच्या बाबांच्या वयाला साखर अगदी काटेकोर ठेवायची गरज नाही. २०१९ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मापदंडानुसार वयस्कर माणसाची साखर दिवसातला निम्म्याहून अधिक वेळ ७० ते १८० मध्ये राहिली तरी चालते. ७० खालचा वेळ मात्र एक टक्क्याच्या आत हवा, म्हणजे दिवसाकाठी पंधरा मिनिटंसुद्धा नाही. सेन्सर बदलताना तो न दाबणाऱ्या बाजूला लावून घ्या, आणि पूर्ण आलेख तुमच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय इन्सुलिन स्वतःहून कमी-जास्त करू नका. भावाला सांगा, फोन करायचाच तर 'बोट टोचलं का?' हे आधी विचार.

प्रश्न : सुई न टोचता साखर दाखवणारं घड्याळ ऑनलाइन तीन हजारांत मिळतंय. आईसाठी घेऊ का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नका घेऊ. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकांना स्पष्ट बजावलं, की कातडीला न टोचता स्वतःच साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला वा अंगठीला त्यांनी मंजुरी दिलेली नाही. प्रयत्न मोठमोठ्यांनी केले आहेत. ग्लुकोवॉच नावाच्या घड्याळाला २००१ मध्ये मंजुरी मिळाली होती. ते सौम्य विजेने कातडीतून द्राव ओढायचं. मनगटावर लालसर चट्टे उठायचे आणि पुढे ते बाजारातून गेलं. अश्रूंतून साखर मोजणारी गूगलची लेन्स २०१४ मध्ये जाहीर झाली, २०१८ मध्ये काम थांबलं. घामात साखर इतकी कमी असते, की कातडीवरचा जरासा मळही हिशेब बिघडवतो. घड्याळावरच्या खोट्या १४० वर भरवसा ठेवून आईने इन्सुलिन घेतलं तर काय होईल, या विचाराने मला खरोखर भीती वाटते. त्या तीन हजारांत चांगलं ग्लुकोमीटर आणि बऱ्याच पट्ट्या येतील.

प्रश्न : मी फक्त गोळ्यांवर आहे. दर पंधरा दिवसांनी नवा सेन्सर परवडत नाही. एकदाच लावला तर उपयोग होईल?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : होईल. मला मधुमेह नाही, तरी रुग्णांना सांगण्याआधी मी स्वतः चौदा दिवस लावला होता. एकादशीच्या साबुदाणा खिचडीनंतर माझी साखर १७० च्या घरात गेली. ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी खाल्ली त्या दिवशी १३० ओलांडली नाही. तीच खिचडी खाऊन वीस मिनिटं चालले तेव्हा चढ निम्म्यावर आला. तुमचे आकडे वेगळे असतील, म्हणून तर लावायचा.

नेहमीसारखेच चौदा दिवस निवडा, लग्नसराईचे नकोत. पहिल्या दिवसाचे आकडे धरू नका, तंतू अजून बसायचा असतो. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, काही सेन्सर त्यामुळे साखर जास्त दाखवतात. एमआरआय करायचा असेल तर आधी विचारून घ्या, काही सेन्सर काढावे लागतात. आणि एका वहीत जेवण, वेळ, चालणं लिहीत जा. अहवालाबरोबर ती वही घेऊनच डॉक्टरांकडे जा. नुसत्या रेघेवरून मला तरी रुग्णाला फारसं सांगता येत नाही.