कौलाच्या हाडांवरची लिपी आणि मुलीचे करिअर

प्रश्न : माझी मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे. प्राचीन चीनमधील हाडांवर कोरलेली लिपी वाचण्याचा तिला ध्यास लागला असून त्यातच करिअर करायचे ती म्हणते. न उलगडलेल्या प्रत्येक अक्षरासाठी एक लाख युआनचे बक्षीस आहे, असेही सांगते. आधी अभियांत्रिकीची पदवी घ्यावी आणि हा छंद मागाहून जोपासावा, असे आम्हाला वाटते. – एक पालक, सांगली

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपली काळजी रास्त आहे. तरीही अभियांत्रिकीनंतर फावल्या वेळात करता येईल असा हा विषय नाही, हे प्रथमच स्पष्ट सांगतो.

हनान प्रांतातील आन्यांग ही शांग राजवंशाची अखेरची राजधानी. इ. स. पू. सुमारे १२५० पासून तेथील राजे पाऊस, लढाई, शिकार, एवढेच नव्हे तर दातदुखीबद्दलही कौल लावीत. कासवाच्या पोटाकडील कवचाला किंवा बैलाच्या खांद्याच्या पसरट हाडाला मागून खळगे कोरून तेथे चटका देत आणि पुढच्या बाजूस उमटलेल्या तड्यांवरून शुभाशुभ ठरवीत. विचारलेला प्रश्नही त्याच हाडावर कोरला जाई. राजा वू दिंग याने राणी फू हाओच्या बाळंतपणाविषयी लावलेल्या कौलात दिवस आहे, कौल लावणाऱ्याचे नाव आहे, राजाचे भाकीत आहे आणि शेवटी निकालही आहे: ३१ दिवसांनी ती बाळंत झाली, शुभ झाले नाही, मुलगी झाली. हीच फू हाओ सैन्य घेऊन लढाईवर जात असे, हे इतर हाडांवरून कळते, आणि तिची कबर १९७६ मध्ये आन्यांगलाच सापडली. अशा ओळी मुळातून वाचाव्यात असे आपल्या मुलीला वाटते, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

बक्षिसाची गोष्ट खरी आहे. आन्यांगच्या चिनी लिपी संग्रहालयाने २०१६ मध्ये ते जाहीर केले. मात्र त्यावर संसाराचा हिशेब मांडू नये. सुमारे दीड लाख तुकड्यांवर साडेचार हजारांच्या आसपास वेगवेगळी अक्षरे आढळली आहेत आणि त्यांतील निम्मीही खात्रीने वाचता येत नाहीत. उरलेल्यांत व्यक्तींची व गावांची नावे पुष्कळ असल्याने ती अधिकच अवघड आहेत.

शिवाय ही हाडे म्हणजे चिनी लिपीचा जन्म नव्हे, हे मुलीला जरूर सांगावे. तो आज उपलब्ध असलेला तिचा सर्वांत जुना मोठा साठा आहे, आणि त्यात ती लिपी आधीच प्रौढ झालेली दिसते. गव्हाच्या रोपाचे चित्र केवळ उच्चार जुळतो म्हणून ‘येणे’ या अर्थी वापरलेले आढळते. त्यामुळे चित्रे ओळखण्याची आवड पुरेशी नाही. प्राचीन चिनीचे ध्वनी अभ्यासावे लागतात, आणि त्याही आधी आधुनिक चिनी उत्तम यावी लागते, कारण या विषयातील बहुतेक संशोधन त्याच भाषेत होते.

आपल्या चिंतेचे उत्तरही येथेच आहे. भारतात हाडांवरील लिपीच्या अभ्यासकासाठी स्वतंत्र नोकऱ्या जवळपास नाहीत, परंतु चिनी भाषेच्या पदवीधराला भाषांतर, दुभाषेगिरी, अध्यापन आणि उद्योगक्षेत्रात काम मिळू शकते. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात चिनी भाषेची पदवी घेता येते, आणि विज्ञान शाखा त्याच्या आड येत नाही. शांतिनिकेतनमधील चीन भवन तर १९३७ पासून कार्यरत आहे. पुढील शिक्षणासाठी मी तैवानला पसंती देईन. तेथे सरकारी शिष्यवृत्त्या आहेत, जुन्या वळणाची अक्षरे रोजच्या वापरात आहेत, आणि १९२८ ते १९३७ मधील आन्यांग उत्खननातील हाडे तैपेईच्या अकादेमिया सिनिका या संस्थेत आहेत. संगणकाची आवड असल्यास ती वाया जाणार नाही, कारण फुटलेले तुकडे जुळवण्यासाठी आता त्याची मदत घेतली जाते; पण जुळवलेले वाचणार कोण, हा प्रश्न उरतोच.

तूर्त तिला चिनीच्या प्राथमिक वर्गाला घालावे आणि रोज नवी अक्षरे घोटण्याचे कंटाळवाणे काम ती सहा महिने नेटाने करते का, ते पाहावे. सीयूईटी या विद्यापीठ प्रवेश परीक्षेचा अर्ज मात्र त्यासाठी थांबवू नये.