व्हिनेगरमधल्या अंड्यांची बरणी ओट्यावर ठेवायची का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा इंग्लंडहून आलाय, तिकडे मासे-चिप्सच्या दुकानात काउंटरवर मोठ्या बरणीत व्हिनेगरमध्ये बुडवलेली उकडलेली अंडी असतात, तशी त्याला घरी हवीत. ती तिकडे काउंटरवर राहतात, मग पुण्यात ओट्यावर का राहू नयेत? आणि सोबत गाजर, काकडी, मिरच्या असं काय काय घालता येईल?

पहिल्याचं उत्तर आधी देते. राहू नयेत. बरणी फ्रिजमध्ये, आणि तीही दारात नाही, आतल्या फळीवर. दुकानातल्या बरण्या कारखान्यातून येतात, तिथे अंड्याच्या आतपर्यंत आंबटपणा पोचलाय का ते मोजून बघतात. आपण घरी ते मोजत नाही.

मी स्वतः ही चूक करून बसले आहे म्हणून एवढं ठामपणे सांगते. पहिल्यांदा केली ती ऐन मे महिन्यात. व्हिनेगर फार झोंबेल म्हणून निम्मं पाणी घातलं, आणि मसाला आत मुरावा म्हणून प्रत्येक अंड्याला दाभणाने पाच-सहा भोकं पाडली. बरणी ठेवली सासूबाईंच्या कैरीच्या लोणच्याशेजारी, तसाच वर दादरा बांधून. (अंडी त्यांच्या लोणच्याला शिवली म्हणून जो काही इतिहास घडला तो वेगळा.) चौथ्या दिवशी एका डॉक्टर मैत्रिणीने बरणी पाहिली आणि एकही अंडं खाऊ न देता माझ्याकडून सगळं फेकून घेतलं. वास चांगला होता, रंग चांगला होता. तेच तर वाईट आहे यात.

कैरीचं लोणचं वर्षभर बाहेर टिकतं कारण कैरी मुळातच आंबट, फोडी लहान, मीठ भरपूर. अंडं यातलं काहीच नाही. बलक जवळजवळ आंबट नसतोच, आणि पांढऱ्यातून आत व्हिनेगर पोचायला दिवसच्या दिवस लागतात. तोवर बलकाच्या मध्यभागी काय असतं? हवा नाही, आंबटपणा नाही, आणि बाहेर पुण्याचा उन्हाळा. बोटुलिझमच्या (अन्नातून होणारी, शरीर लुळं पाडणारी विषबाधा) जंतूला नेमकं हेच लागतं. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातही मरत नाहीत, फक्त पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) 4.6 च्या खाली गेला की ते वाढू शकत नाहीत. अमेरिकेत इलिनॉयमध्ये 1997 मध्ये एका माणसाला घरी केलेल्या अशाच अंड्यांतून बोटुलिझम झाला, व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. त्याने अंड्यांना टूथपिकने टोचलं होतं आणि बरणी फ्रिजबाहेर ठेवली होती. टोचल्याने बाहेरचे बीजाणू थेट बलकात जातात. माझं दाभण आणि त्याची टूथपिक यात फरक काहीच नव्हता, नशीब तेवढं वेगळं.

आणि वरून तेलाचा थर दिला की झालं, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तेल हवा बंद करतं, म्हणजे या जंतूची सोयच करतं.

आता कृती. अंडी लहान घ्या. गावरान मिळाली तर उत्तम, कारण लहान अंड्यात व्हिनेगर लवकर पोचतं. लाव्याची मिळाली तर त्याहून लवकर. पण ताजी ताजी घेऊ नका! ताज्या अंड्याचं टरफल पांढऱ्याला चिकटून येतं, आठ-दहा दिवसांची अंडी सुटसुटीत सोलतात. उकळत्या पाण्यात बारा मिनिटं, मग लगेच बर्फाच्या पाण्यात. जास्त उकडली की बलकाभोवती हिरवट कडं येतं, खायला काही बिघडत नाही पण बरणीत दिसायला भिकार दिसतं. सोलताना ज्याचा टवका उडेल ते बरणीत नको, त्या दिवशीच्या रश्श्यात टाका.

दहा लहान अंड्यांना दीड लिटरची काचेची बरणी आणि साधारण 700 मिली व्हिनेगर. आपल्याकडच्या पांढऱ्या व्हिनेगरच्या बाटलीवर बघा, बहुतेकदा आम्ल 4 टक्क्यांच्या आसपास असतं. परदेशी कृतींत 5 टक्के धरलेलं असतं आणि म्हणून त्यात थोडं पाणी घालतात. आपण पाणी घालायचं नाही. झोंबणं कमी करायचं तर साखर घाला. मी एक मोठा चमचा मीठ, दोन मोठे चमचे साखर, चमचाभर मिरे, अर्धा चमचा मोहरी, चार लवंगा, एक तमालपत्र आणि दोन सुक्या मिरच्या घालते. मीठ खड्याचं घ्या, बारीक मिठाने खार गढूळ होतो. हे सगळं स्टीलच्या पातेल्यात झाकण ठेवून पाच मिनिटं मंद उकळा. ॲल्युमिनियम नको. आणि खिडकी उघडा, नाहीतर घरातले सगळे शिंकत तुमच्यापाशी जाब विचारायला येतील.

बरणी गरम पाण्याने धुऊन कोमट असतानाच अंडी सैलसर भरा आणि खार गरमच ओता. थंड काचेत ओतलात तर तडकते. अंडी पूर्ण बुडाली पाहिजेत. झाकण पत्र्याचं असेल तर व्हिनेगरने गंजतं, प्लास्टिकचं बघा. तुळशीबागेत झाकणासकट बरण्या मिळतात. वाफ निवली की तासाभरात फ्रिजमध्ये. लहान अंडी एक ते दोन आठवड्यांत मुरतात, मोठ्यांना दोन ते चार लागतात. तीन महिन्यांत संपवा. तशीही फार दिवस ठेवली की पांढरं रबरासारखं होतं.

गुरुवारी वीज गेली तर घाबरू नका, दार न उघडता चार तास फ्रिज थंड राहतो. मात्र जेवणाच्या टेबलावर बरणी काढून गप्पा मारत बसू नका, दोन तासांच्या आत परत आत गेली पाहिजे.

रंगासाठी उकडलेल्या बिटाच्या चार फोडी घाला. पांढरं गुलाबी होतं, कापलं की कडेला गुलाबी आणि आत पिवळं. मुलं यावरच खूश होतात. लसूण घातला तर तो कधीकधी हिरवा-निळा पडतो. आम्लामुळे होतं, विषबिष नाही. माझ्या जावेने याच कारणावरून एक अख्खी बरणी मोरीत ओतली होती.

भाज्यांचं सोपं आहे. गाजर, फ्लॉवर, मुळा, सांबाराचे लहान कांदे, काकडी असं मंडईतून जे कोवळं मिळेल ते. इथे व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं चालेल, पण हेही फ्रिजमध्येच आणि दोन-तीन आठवड्यांत संपवायचं. काकडीचं देठाचं टोक आपण कडूपणासाठी कापून घासतो, इथे फुलाकडचंही टोक कापा. त्या टोकातल्या एन्झाइममुळे काकडी बरणीत मऊ पडते. मिरच्यांना मात्र उभी चीर द्या, नाहीतर आत हवा राहून त्या तरंगत बसतात. मिरचीला चीर, अंड्याला नाही, एवढं ध्यानात ठेवा. भाज्या आणि अंडी एका बरणीत घालू नका. भाजी चार दिवसांत तयार होते, मग सारखी बरणी उघडली जाते आणि अंडी मुरायच्या आतच संपतात.

त्यावर उपाय म्हणून मी बरणीवर चिठ्ठी चिकटवते: "दि. 18 पर्यंत उघडू नये. विचारूही नये." मुलगा तरी विचारतोच.

आणि खाऊन संपल्यावर उरलेल्या व्हिनेगरमध्ये नवी अंडी घालायचा मोह होईल, कारण मसाला छान मुरलेला असतो. नको. पहिल्या अंड्यांनी त्यातला आंबटपणा आधीच खाल्लेला असतो. ते ओतून द्या, नवी बाटली काही फार महाग नाही.