संक्षेपण म्हणजे कूटलेखन का?

प्रश्न असा आहे: नागपुरातल्या काही हौशी (हॅम) रेडिओ चालकांना पावसाळ्यातले आपत्तीचे संदेश झिप करून रेडिओवरून पाठवायचे आहेत. त्यांच्यातल्या एकाचं म्हणणं, झिप केलेलं ऐकणाऱ्याला कळत नाही, म्हणजे ते कूटबद्धच झालं, आणि कूटबद्ध संदेशांना हौशी रेडिओवर बंदी आहे. हे खरं का? आणि कॉम्प्रेशन, एन्क्रिप्शन यांना मराठीत काय म्हणायचं?

खरं नाही. हा सगळा घोळ 'कूट' या शब्दाने घातला आहे.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीत हौशी सेवेसाठी कलम २५ आहे. पूर्वी त्यात संदेश उघड भाषेत असावेत अशी अट होती. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेत शब्द बदलले. आताचा आशय असा: वेगवेगळ्या देशांतल्या हौशी केंद्रांनी 'अर्थ झाकण्याच्या हेतूने' संदेश संकेतांत घालू नयेत. अपवाद एकच, उपग्रहाला जमिनीवरून दिलेल्या नियंत्रणाच्या आज्ञा. ५ मे २००५ ला श्रीहरिकोटाहून गेलेल्या आपल्या हॅमसॅट या हौशी रेडिओच्या उपग्रहावरून कोणीही परवानाधारक बोलू शकत होता, पण उपग्रह बंद करायची आज्ञा कोणाही ऐऱ्यागैऱ्याच्या हाती देऊन कसं चालेल? अमेरिकेच्या नियमातही 'अर्थ झाकण्याच्या हेतूने' हेच शब्द आहेत. शिवाय तिथे नवी डिजिटल पद्धत वापरायची तर तिचा तांत्रिक तपशील जाहीरपणे उपलब्ध असावा लागतो.

नियमातल्या मूळ इंग्रजी 'एन्कोड' या क्रियापदाचा अर्थ नुसता 'संकेतांत मांडणे' एवढाच आहे. त्याचं 'कूटबद्ध करणे' असं भाषांतर केलं की लपवाछपवी क्रियापदातच शिरते, 'हेतूने' हा शब्द फालतू वाटतो आणि भाषांतरकार तो बिनदिक्कत गाळतो. मग मोर्ससुद्धा बेकायदा ठरायची वेळ येते. म्हणून तीन शब्द वेगळे ठेवावेत. कोणत्याही मांडणीला संकेतन, आकार कमी करण्याला (कॉम्प्रेशन) संक्षेपण आणि किल्लीवाचून उघडू नये अशा मांडणीला (एन्क्रिप्शन) कूटलेखन. परिभाषेतलं 'संपीडन' चुकीचं नाही, पण ते वाचताना सिलिंडरमधला वायू आठवतो. (दाण्याचं कूट वेगळं, ते 'कुटणे'वरून आलं. शेंगदाणे कुटले की जागा कमी घेतात, तेवढ्यापुरतं ते उलट संक्षेपणाच्याच बाजूचं.)

जुन्या पत्राच्या माथ्यावरचं 'सा. न. वि. वि.' घ्या. साष्टांग नमस्कार विनंती विशेष. आजच्या पोराला ते कळणार नाही, पण म्हणून कोणी त्याला गुप्त लिपी म्हणत नाही. मोर्सवाल्यांचं ७३ हे शुभेच्छांसाठी, क्यूटीएच हे ठिकाणासाठी, तेही याच जातीचं. मोडीही भरभर लिहिण्यासाठी होती, लपवण्यासाठी नव्हे. याउलट मुलांची 'च'ची भाषा पाहा. नागपूरचं 'चागपूरन' होतं. अक्षरं कमी होत नाहीत, एक वाढतंच. पण मोठ्यांना कळू नये हाच तिचा उद्देश. करपल्लवी, नेत्रपल्लवी या हाताच्या, डोळ्यांच्या खुणांच्या भाषाही तशाच. आणि पुण्याच्या माणसाला 'काऊन' (म्हणजे 'का') कळला नाही, म्हणून वऱ्हाडी काही कूटभाषा होत नाही.

रेडिओवर संक्षेपण पहिल्यापासून आहे. मोर्समध्ये इंग्रजी 'ई' म्हणजे फक्त एक टिंब, कारण ते अक्षर सर्वांत जास्त येतं. संगणकावरून मजकूर पाठवायच्या पीएसके३१ या पद्धतीत मोकळ्या जागेला एक बिट (० किंवा १), लहान 'ई'ला दोन, 'क्यू'ला नऊ.

एफटी८ ही ठरावीक छोटे संदेश पाठवायची डिजिटल पद्धत जरा जवळून बघू. ठिकाण सांगायला हौशी रेडिओवाले पृथ्वीच्या नकाशाचे चौकोन पाडतात. नागपूर ज्या चौकोनात येतं त्याचं नाव एमएल९१. ही चार अक्षरं आठ-आठ बिटांनी पाठवली तर ३२ बिट लागतील. पण अख्ख्या पृथ्वीवर असे चौकोन १८ × १८ × १०० म्हणजे ३२,४००, आणि १५ बिटांत ३२,७६८ आकडे मावतात. म्हणून चौकोनाचा नुसता क्रमांक १५ बिटांत जातो. दोन्ही केंद्रांची नावं प्रत्येकी २८ बिटांत बसतात आणि सगळा संदेश ७७ बिटांत आटोपतो. कानाला शिट्टीसारखे सूर, पण कोष्टक जगजाहीर. किल्ली कोणाच्या खिशात नाही.

शंका यायला कारण मात्र आहे. चांगलं संक्षेपण आणि चांगलं कूटलेखन, दोन्हींचे बिट कच्चे पाहिले तर सारखेच विस्कळीत दिसतात. फरक बाहेर असतो. झिप फाईल 'पीके' या दोन अक्षरांनी सुरू होते, जीझिप फाईल १एफ ८बी या दोन बाइट्सनी. म्हणजे मला कसं उघडायचं हे ती स्वतःच सांगते. पण त्याच झिपला पासवर्ड लावलात की गोष्ट पालटली, ते सरळ कूटलेखन. रुग्णांची नावं हवेवर जाऊ नयेत म्हणून हा मोह होतो. त्यापेक्षा नावं वगळा आणि संख्या, ठिकाण, गरज एवढंच पाठवा. वगळणं म्हणजे झाकणं नव्हे.

खरी अडचण तिसऱ्या ऐकणाऱ्याची. विनलिंकसारख्या, रेडिओवरून ईमेल पाठवायच्या पद्धतीत संदेश आधी दाबला जातो, मग तुकड्यांत जातो, आणि एखादा तुकडा बिघडला की ज्याच्यासाठी संदेश आहे तो पुन्हा मागतो. बाजूला बसून ऐकणाऱ्याला मागता येत नाही. दाबलेल्या मजकुरात पुढचा भाग मागच्यावर टेकलेला असतो, त्यामुळे एक तुकडा हुकला की पुढचं सगळं हातचं जातं. अमेरिकेत यावरूनच बराच वाद झाला. माझ्या मते याला अपारदर्शक म्हणा, गुप्त म्हणू नका. तरी केंद्राचं नाव साध्या मजकुरात किंवा मोर्समध्ये द्यावं, फाईल कोणत्या पद्धतीची तेही सांगावं आणि न दाबलेली प्रत नोंदवहीसोबत ठेवावी.

उलट बाजूही लक्षात असू द्या. 'संत्र्याच्या चाळीस पेट्या अंबाझरीला आल्या' हे स्वच्छ मराठी वाक्य आहे. पण पेटी म्हणजे अडकलेला माणूस हे फक्त दोघांनीच ठरवलं असेल, तर एकही बिट न दाबता नियम मोडला.

भारतातले हौशी सेवेचे नियम मुळात १९७८ चे, म्हणजे 'उघड भाषे'च्या काळातले आहेत. परवान्यातले शब्द इंग्रजीतूनच वाचा. आणि 'पाणी वाढतंय, बोट पाठवा' एवढंच सांगायचं असेल तर झिपच्या फंदात पडू नका. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या संगणकाच्या नेहमीच्या अक्षर-संकेतनात तीन बाइट घेतं, म्हणून हे वाक्य ५८ बाइट्सचं. जीझिपचं नुसतं वेष्टणच १८ बाइट्सचं असतं. दाबून जेवढी जागा वाचेल ती त्यातच जाईल.