जवळच्या दीर्घिकांची मंद सक्रिय केंद्रकं अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशात का तपासतात?

सक्रिय केंद्रक म्हणजे दीर्घिकेचा मधला भाग, जिथलं महाकाय कृष्णविवर आसपासचं द्रव्य गिळत असतं. ते पाहण्यात मुख्य अडचण धुळीची. ती दृश्य प्रकाश शोषून तापते आणि तीच ऊर्जा अवरक्तात बाहेर टाकते. त्यामुळे धुळीआड लपलेलं कृष्णविवरही तिथे जाणवतं.

पण मंद केंद्रकाभोवती ताऱ्यांचाच उजेड जास्त असतो. स्पिट्झर या अवरक्त अवकाश दुर्बिणीचा आरसा फक्त 85 सेंटीमीटरचा होता, म्हणून केंद्रक आणि आसपासचे तारे तिच्या नोंदींत बऱ्याचदा मिसळून जात. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीचा 6.5 मीटरचा आरसा हे दोन्ही खूपच नीट वेगळे करतो.

माझ्या मते केंद्रक सक्रिय असल्याचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे वर्णपटातली 14.3 मायक्रॉन तरंगलांबीवरची निऑनची रेषा. ती उमटायला निऑनच्या अणूतून चार इलेक्ट्रॉन निघावे लागतात आणि चौथ्यासाठी सुमारे 97 इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. सामान्य तरुण ताऱ्यांच्या प्रकाशात एवढा जोर नसतो. मात्र ही रेषा दिसली नाही म्हणून केंद्रक निष्क्रिय ठरत नाही. ती क्षीणही असू शकते.

सुमारे 1.2 कोटी प्रकाशवर्षांवरची एम 81 ही दीर्घिका जरूर अभ्यासा. तिच्या केंद्रकात 10 मायक्रॉनजवळ सिलिकेट (वाळूसारख्या खनिजांची) धूळ शोषण न दाखवता चक्क उजळ दिसते, म्हणजे तिथली तापलेली धूळ आपल्याला थेट दिसते. अशा मंद केंद्रकांत कृष्णविवराभोवतीचं धुळीचं जाड कडं टिकतं की विरून जातं, यावर अजून वाद आहे.